आखाजीचा डबा

यातलं एकही नाव मी बदललेलं नाही. कोमल म्हणाली, बाबा, बदला. मी म्हटलं, नावं बदलली की लोक गोष्ट म्हणून वाचतील.

ही गोष्ट नाही.

३० एप्रिल २०२५. बुधवार. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस.

जागा म्हणजे बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलं निंबोला, आणि तिथून धूलकोटच्या बाजूला जाणारी जंगलातली कच्ची वाट. वेळ दुपारी साडेतीन-चारची. रात्र नव्हती. रात्र असती तर डोळ्यांनी फसवलं असं मी मनाला समजावलं असतं.

माझं नाव निरंजन. मूळचा अमळनेरचा. इकडे कागद कारखान्यात लगद्याच्या टाक्यांवर तेवीस वर्षं काढली. बांबू आणि उसाचं चिपाड शिजून जो लगदा होतो त्याचा वास ज्याने घेतलाय त्यालाच कळेल. टाकी साफ करायची असली की नवीन पोरं ओकायची. मी टाकीच्या कडेला बसून डबा खायचो.

हे एवढ्यासाठी सांगतो, की मला सहजासहजी किळस येत नाही.

माझी बायको वैजयंती मागच्या सप्टेंबरात गेली. स्वादुपिंडाला सूज आली होती. अकरा दिवस दवाखान्यात होती. मी तिचं सगळं केलं. ओकारी काढली, कपडे बदलले, भांडं धरलं. एकदाही नाक मुरडलं नाही.

तोंडाने काहीही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पाणीसुद्धा नाही. नवव्या दिवशी ती मला म्हणाली, "वरणभाताचा एक घास द्या. कोणाला सांगू नका."

मी दिला नाही.

डॉक्टरांचं बरोबरच होतं. मीही बरोबरच केलं. पण ती उपाशी गेली, आणि हे मला सात महिने रोज ताटावर बसलं की आठवायचं.

म्हणून आखाजीची वाट पाहत होतो.

आमच्याकडे माणूस गेलं की पहिल्या आखाजीला त्याची घागर भरतात आणि पितर जेवू घालतात. नवरा असताना बाई गेली असेल तर सवाशीण बसवायची. जेवण होईपर्यंत ती सवाशीण म्हणजेच गेलेली बाई. तिला त्याच नावाने हाक मारायची. जेवण झालं की नवऱ्याने तिच्या हातावर पाणी घालायचं आणि तीन वेळा विचारायचं, पावलं का? ती म्हणते, पावलं.

तेवढं झालं की त्या माणसाला घास पोचला. मग घरातल्यांनी जेवायचं. हे सगळं सूर्य मावळायच्या आत.

गावातल्या बायकांनी नाही म्हटलं. पहिल्या वर्षाचं पितर जड असतं म्हणतात. एकीने गुडघे सांगितले, एकीने उपास सांगितला. शेवटी माझ्या सासूबाईंच्या बहिणीची मुलगी मालूबाई तयार झाली. ती धूलकोटच्या अलीकडे शेतात राहते. निंबोल्याहून जंगलातून चौदा किलोमीटर. मी तिला एकदाच पाहिलं होतं, वैजयंतीच्या दहाव्याला. तेव्हा डोक्यावरून पदर होता आणि माझं कशातच लक्ष नव्हतं.

मालूबाई सकाळी जीपने येणार होती.

सकाळी दहाला वादळ आलं.

ते असं आलं की अर्ध्या तासात आमच्याकडच्या केळी जमिनीवर. पत्रे उडाले. लाईट गेली, मोबाईलचं नेटवर्क गेलं. बारा वाजता जरा उघडलं तेव्हा कळलं की जंगलातल्या रस्त्यावर झाडं पडलीत, विजेच्या तारा पडल्यात, जीप सोडा, मोटरसायकलही जाणार नाही.

सासूबाई चंद्रभागा, मी त्यांना मामी म्हणतो, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. साखर आहे. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. दोन वाजता त्यांचे हात थरथरायला लागले. कोमलने साखरपाणी पुढे केलं. त्यांनी तोंड फिरवलं.

"तिले पोचू द्या पहिले," मामी म्हणाल्या. "मंग मी खाईन. माही पोरगी उपाशी गेली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

तेवढ्यात उमेश आला. उमेश शेजारचा, अठ्ठावीस वर्षांचा, केळीवाला. आम्ही चार-पाच जण दर रविवारी गिअरच्या सायकली घेऊन सातपुड्यात जातो. माझी सायकल वैजयंतीनेच घ्यायला लावली होती, माझी साखर वाढली तेव्हा. उमेश सकाळीच रस्ता पाहून आला होता.

"काका, गाडी तो जाणारच नाही," तो म्हणाला. "लेकिन सायकल जाईल. झाड आलं की खांद्यावर उचलायची, पलीकडे ठेवायची."

मी म्हटलं, सायकलवर मालूबाईला कसं आणणार?

मामी आतून म्हणाल्या, "तिले आनू नका. ताट तिच्याकडं न्या. नवऱ्यानं नेलं तर चालते."

कोमलने डबा भरला. खापरावरची पुरणपोळी, आमरस, कुरडई, भजी, भात, सार. चार पुडांचा, म्हणजे चार कप्प्यांचा स्टीलचा डबा. वर केळीचं पान गुंडाळून ठेवलं.

उमेश हसला. "लोकं सासू उपाशी राहिली तर खुश होतात. तुम्ही तुफानात सायकल काढताय."

"तुही सासू येऊ दे, उमेश्या," मामी आतूनच म्हणाल्या. "मंग पाहू."

निघताना त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"जवाईबापू. मालूले पहिले तिचं नाव इचारा. तिनं सोताच्या तोंडानं सांगितलं पाहिजे. त्याच्या आधी वैजूचं नाव घेऊ नका."

मी हो म्हटलं.

अडीच वाजले होते.

पहिले चार किलोमीटर मुरमाचा रस्ता. बरा गेला. आभाळ पिवळं पडलं होतं. हवा नव्हती. एक पान हलत नव्हतं. पक्षी नाही, किडा नाही. आमच्या चेनचा आवाज तेवढा.

तीन झाडं लागली. सायकल उचलली, पलीकडे ठेवली. पाठीवर पिशवी, पिशवीत डबा. वाकलो की आमरस गळायचा. पाठीवरून खाली ओघळायचा. उकाड्यात वाळून शर्ट अंगाला चिकटला.

मग काळी माती लागली.

ज्यांनी काळ्या मातीत सायकल चालवली नाही त्यांना सांगतो. पावसानंतर ती माती चाकाला धरते. दहा फुटांत चाक दुप्पट जाड होतं. ब्रेकमध्ये बसते, फोर्कमध्ये बसते, चाक फिरतच नाही. काटकीने उकरायची, पुढे जायचं, परत उकरायची. म्हणून आम्ही वाटेच्या कडेने, गवतावरून चालवत होतो. उमेश पुढे. मी वीस-तीस हात मागे.

आणि मग मला मागे आवाज आला…

चप्. चप्. चप्.

ओल्या मातीत अनवाणी पाय पडतो तसा.

मला वाटलं मागच्या चाकाचा चिखल उडतोय.

मी पेडल थांबवलं. सायकल उतारावर आपोआप चालली होती. चाक फिरत होतं.

आवाज थांबला.

मी पेडल मारलं.

चप्. चप्. चप्.

आता जवळ. आणि त्यात श्वासाचा आवाज. दमलेल्या माणसाचा.

मी मागे पाहिलं नाही. खरं सांगतो, हिंमत झाली नाही. गिअर बदलला, उभा राहून पेडल मारायला लागलो. वय त्रेपन्न, पाठीवर डबा, तरी उमेशला मागे टाकलं. तो ओरडून म्हणाला, काका, आराम से. मग त्याने एकदा मागे वळून पाहिलं.

आणि तोही जोरात मारायला लागला.

नंतर मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, कुणी नव्हतं. पण सांगताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

नऊ किलोमीटर झाले तेव्हा वादळ परत आलं. या वेळी गारा. लिंबाएवढ्या. हेल्मेटवर दगड मारल्यासारख्या वाजत होत्या. वाटेच्या उजव्या हाताला केळीच्या बागेत एक शेड होतं. माल भरायच्या वेळी घड धुवायचं, पेट्या भरायचं शेड. आम्ही सायकली तशाच टाकल्या आणि आत घुसलो.

आत केळी सडत होत्या.

माल नाकारला गेला की तिथेच टाकून देतात. कोपऱ्यात छातीएवढा ढीग होता. काळा पडलेला. त्यातून पाणी सुटून फरशीवर आलं होतं, पावलाला तार सुटायची. चिलटांचा ढग. ढिगाच्या खालच्या थरात काहीतरी सतत हलत होतं. अळ्या असणार.

उमेश नाक दाबून दारातच उभा राहिला. मला काही वाटलं नाही. मी एक पोतं शोधून कोरड्यात टाकलं आणि डबा त्याच्या कडेला ठेवला.

गारा थांबल्या. पाऊस राहिला. पावणेचार झाले होते. उमेश म्हणाला, समोरच्या टेकडीवर कधी कधी नेटवर्क मिळतं, मालूमावशीच्या घरी फोन लावून पाहतो, आपण येतोय म्हणून सांगतो. तो पायीच गेला.

मी एकटा राहिलो.

पाच मिनिटं झाली असतील.

पत्र्यावर पावसाचा आवाज होता. तो एकदम कमी झाला. पाऊस तसाच पडत होता, मला दिसत होता. आवाज तेवढा गेला…

मी वळलो.

ढिगाशेजारी एक बाई उभी होती.

हिरवं लुगडं. भिजलेलं, अंगाला चिकटलेलं. हातात हिरव्या बांगड्या. डोक्यावर पदर. कपाळावर मोठं कुंकू. पावसात भिजूनही ते उतरलं नव्हतं.

मागे दुसरं दार असेल, तिकडून आली असेल असं मला वाटलं. आणि लगेच मनात आलं, ही मालूबाई. जीप येत नाही म्हटल्यावर पायी निघाली असणार. पाच किलोमीटर चालून आली बिचारी, उपाशीपोटी.

मी म्हटलं, मालूबाई का?

तिची मान हलली. हो म्हटल्यासारखी. किंवा तशीच हलली.

मग ती मी टाकलेल्या पोत्यावर जाऊन बसली. मांडी घालून. जेवायला बसतात तशी.

मामींनी काय सांगितलं होतं ते मला आठवत होतं. पहिले नाव विचारा. तिने स्वतः सांगितलं पाहिजे. मी विसरलो असं म्हणू शकलो असतो. पण विसरलो नव्हतो.

मला घाई होती, घरी म्हातारी थरथरत होती, हे सगळं खरं आहे. पण खरं कारण वेगळं आहे. सात महिने मी ते नाव मोठ्याने घेतलं नव्हतं. कोणाला घेणार? घरात ती नव्हती. आणि समोर एक सवाशीण जेवायला बसली होती, मला ते नाव घ्यायची परवानगी होती.

मी पान मांडलं. वाढलं. आणि म्हटलं, "वैजयंती, जेव."

तिने मान खाली घातली. सरळ पानात. हात लावला नाही.

तोंडानेच खायला लागली.

मला वाटलं, फार भूक लागली असेल. मी पाहत राहिलो. भात गेला, भजी गेली. चावत नव्हती. गाल फुगत होते, मग रिकामे होत होते. गळा हलत नव्हता. घास गिळला की गळ्याशी काहीतरी हलतं ना, ते नाही.

मी कुरडई ठेवली. तिने ओठांनी उचलली.

कुरडई खाताना आवाज येतो. येतोच.

आला नाही…

तेव्हा पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला. आणि मग दिसलं की चिलटं तिच्यावर बसत नाहीत. त्या शेडमध्ये माझ्या डोळ्यांत, कानांत, शर्टावरच्या आमरसावर चिलटं होती. तिच्या पानावर एक नाही. तिच्या अंगावर एक नाही. तिच्याभोवती हातभर जागा सोडून ती फिरत होती.

मी आमरस ओतला. ती प्यायली. पानावरून, मग फरशीवरून. त्या सडक्या केळ्यांचं पाणी जिथे आलं होतं तिथून. सगळं चाटत गेली. मग डबा ओढला आणि डोकं त्यात घातलं. एकेक पूड. जिभेचा आवाज स्टीलवर ऐकू येत होता. तेवढाच एक आवाज त्या जागेत.

मी पाण्याची बाटली काढली. हातावर पाणी घालायचं म्हणून हात पुढे केला.

तिने माझी बोटं तोंडात घेतली.

बोटांना आमरस लागला होता. ती चोखत होती. आत दात नव्हते. हिरड्याही नव्हत्या. जीभ थंड होती आणि मऊ. टाकीतला लगदा मुठीत धरला की बोटांच्या फटीतून बाहेर येतो, तशी. ती माझ्या बोटांच्या फटीतून बाहेर येत होती.

मी हात ओढला. सुटायला वेळ लागला.

मी उठून पळून जायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच होतं. विधी अर्धवट राहिला तर वैजयंतीला पोचणार नाही. तेवढं विचारून टाकू.

मी विचारलं, पावलं का?

ती गप्प.

पावलं का?

गप्प. पदराखालून आमरसाची पिवळी तार खाली लोंबत होती.

मी तिसऱ्यांदा विचारलं.

ती बोलली. साधा बाईचा आवाज. आमच्या भागातलाच. बाजारात ऐकू येतो तसा.

"मले पावलं," ती म्हणाली. "ती बाहेर उभी आहे. तुमच्या सायकलीमागं पळत आली. तुम्ही जोरात हाणली."

मी दाराकडे वळलो.

बाहेर पाऊस. आडव्या झालेल्या केळी. वाट रिकामी.

आमच्या चाकांचे माग चिखलात दिसत होते. त्यांच्या बाजूने पावलं होती. अनवाणी, बारकी. शेडपासून वीस-पंचवीस हातांवर ती थांबली होती. पुढे एकही पाऊल नव्हतं. पण तिथे चिखल खूप तुडवला होता. जसं कोणी एकाच जागी उभं राहून पाय बदलत वाट पाहावी.

आत बोलावलं असतं तर आली असती.

मी तिचं नाव दुसरीला दिलं होतं.

मी परत वळलो तेव्हा पोत्यावर कोणी नव्हतं. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला होता.

पोत्यावर ढीग होता.

ती जिथे बसली होती तिथेच. भात, भजी, पोळीचे तुकडे, आमरस. न चावलेलं. न पचलेलं. जसं वाढलं तसं, फक्त चिकट आणि ओलं, वर एक पांढरी साय. खाल्लेलं सगळं आतून खाली येऊन पोत्यावर साचलं होतं. आणि आता त्यावर चिलटं बसली होती.

आता जे सांगतो ते मी कोमललाही सांगितलेलं नाही.

त्या ढिगात एक कुरडई होती. अख्खी. मोडलेली नव्हती. त्या क्षणी मला वाटलं, ही उचलावी. बाहेर न्यावी. जिथे ती पावलं आहेत तिथे ठेवावी. वैजयंती म्हणावं. तिने घेतली असती. ती अन्नाला कधी नाक मुरडायची नाही.

मी वाकलो. हात पुढे केला.

वास आला. सडलेल्या केळ्यांचा नाही. अन्नाचा नाही. तोंडाचा. बंद राहिलेल्या तोंडाचा.

मला किळस आली.

ज्याने तेवीस वर्षं टाक्या साफ केल्या, ज्याने बायकोची ओकारी ओंजळीत धरली, त्याला त्या दिवशी किळस आली. हात पुढे गेलाच नाही. मी तिथेच वाकून ओकलो. पोटात काही नव्हतं, कडू पाणी पडलं.

उमेश आला तेव्हा मी दाराबाहेर चिखलात बसलो होतो. पावलं तोवर पावसाने भरली होती. तो आत गेला, पोत्याकडे पाहिलं आणि लगेच बाहेर येऊन ओकला. तोंड पुसत म्हणाला, "काका, हे काय आहे?"

मी चिखलातून उठलो.

त्याने डबा उचलला. उघडून पाहिला.

"डबा धुतला का तुम्ही?"

चारही पूड आरशासारखे स्वच्छ होते. थेंब नव्हता.

मालूबाईच्या घरी फोन लागलाच नव्हता. पुढे जाऊन उपयोग नव्हता, नेणार काय? आम्ही परत फिरलो. उमेशने एकही प्रश्न विचारला नाही. परतीच्या वाटेवर मी मुद्दाम हळू चालवली. पेडल थांबवून थांबवून. मागे कान लावून.

आवाज आला नाही.

एका ठिकाणी मी उतरून उभाच राहिलो. उमेश म्हणाला, चला काका, उशीर होतोय. मी म्हटलं, थांब जरा. दहा मिनिटं उभा होतो. नुसतं पानांवरून पाणी गळत होतं.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळायला थोडा वेळ होता. मामी खाटेवर पडल्या होत्या. ओठ पांढरे झाले होते. कोमल त्यांच्या उशाशी रडत बसली होती. मला पाहून मामी कोपरावर उठल्या.

"पावलं का?" त्यांनी विचारलं.

आता काय सांगायचं?

मी त्यांच्या ओठांकडे पाहिलं. थरथरणाऱ्या हातांकडे पाहिलं.

मी म्हटलं, पावलं.

त्यांनी डोळे मिटले. हात जोडले. मग कोमलच्या हातून साखरपाणी घेतलं, दोन घास भात खाल्ला. झोपताना मला म्हणाल्या, "लई मोठं काम केलं तुम्ही, जवाईबापू."

दुसऱ्या दिवशी दुपारी नेटवर्क आलं. मालूबाईचा फोन आला. मी बाहेर जाऊन घेतला. ती बिचारी सूर्य मावळेपर्यंत दारात उपाशी बसून होती. कुठेही गेली नव्हती, घराबाहेर पाऊलही टाकलं नव्हतं. त्या दिवशी तिने निळं लुगडं नेसलं होतं, हिरवं नव्हतं. मी तिला जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं आणि म्हटलं, मामींना कळू देऊ नका, त्यांच्यासाठी तुम्हीच जेवलात.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दाजी, मग जेवलं कोण?"

मी फोन ठेवला.

मी नंतर विचारपूस केली. त्या शेडचा मालक वामन पाटील म्हणून आहे, साधा माणूस. तिथे कोणी मेलेलं नाही. कुणी बाई गेली नाही, कुणी फास घेतला नाही, विहीर नाही. शेड सहा वर्षांपूर्वीचं आहे. काही गोष्टच नाही. गोष्ट असती तर निदान कळलं असतं, माझ्या बायकोचं कोणी खाल्लं.

गुरुजींनाही विचारलं. परत पितर बसवता येईल का? ते म्हणाले, पहिली आखाजी एकदाच. पुढच्या वर्षापासून ती बाकीच्या पितरांमध्ये गेली. आणि नाव एकदा दिलं की दिलं.

मी उमेशसोबत सायकल चालवत नाही आता. एकटा जातो. पावसाचं वातावरण झालं की जातो. कोमल भांडते, वीज पडेल म्हणते. मी हळू चालवतो. मागे वळून पाहत जातो. मध्ये मध्ये थांबतो. अजून एकदाही तो आवाज आलेला नाही.

माझ्या उजव्या हाताची बोटं कितीही धुतली तरी जेवताना तोंडाजवळ नेली की वास येतो. म्हणून चमच्याने जेवतो. मामी हसतात, साहेब झाले म्हणतात.

आणि रोज रात्री सगळे जेवले की मी वरणभाताचा एक घास मागच्या भिंतीवर ठेवतो. नाव घेत नाही, भीती वाटते. नुसता ठेवतो.

आमच्या मागच्या गल्लीत कुत्री आहेत, मांजर आहे, उंदीर आहेत. मुंग्यांचं तर वारूळच आहे भिंतीत.

त्या घासाला कोणी तोंड लावत नाही.

सकाळी तो तिथेच असतो. आंबलेला, तार सुटलेला, घाण वास मारणारा. कोमल उठायच्या आत मी तो उचलतो आणि नाल्यात टाकतो.

आज सकाळीही होता.